डिस्कव्हरी ४ सांभाळणारे कुपवाडचे गॅरेज

लँड रोव्हरच्या डिस्कव्हरी ४ चे उत्पादन २००९ मध्ये सुरू झाले आणि २०१६ मध्ये थांबले. म्हणजे आपल्या रस्त्यांवर दिसणारी यांतली सर्वांत नवी गाडीसुद्धा आता दहा वर्षांच्या घरात आली आहे. अशा गाडीला सांगलीत कोण हात लावणार, हा प्रश्न ती विकत घेण्याआधीच विचारायला हवा; त्याचे समाधानकारक उत्तर नसेल तर गाडी कितीही स्वस्तात मिळत असली तरी घेऊ नये. माझ्यापुरते हे उत्तर कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका गॅरेजने दिले आहे आणि त्यांच्या कामाविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. गॅरेजचे नाव येथे देत नाही. हातातल्या गाड्याच वेळेवर पुऱ्या होत नाहीत, तेव्हा नाव छापू नका, अशी मालकांनीच विनंती केली आहे. मिरज-कुपवाड भागात मोठी फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी वापरणाऱ्या कोणालाही विचारले तर पत्ता मिळेल.

टाटा मोटर्सने २००८ मध्ये फोर्डकडून जॅग्वार लँड रोव्हर विकत घेतल्यानंतर पुढच्याच वर्षी या गाड्या भारतात अधिकृतपणे विकल्या जाऊ लागल्या. त्या काळात मुंबई-पुण्यात घेतलेल्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या हाती आल्या आहेत आणि आपल्या जिल्ह्यात हे मालक बहुधा मिरजेतले डॉक्टर, तासगाव-पलूस भागातले द्राक्ष बागायतदार किंवा कंत्राटदार असतात. गाडीची किंमत वयाबरोबर उतरते, सुट्या भागांची मात्र उतरत नाही. त्यामुळे अशा गाडीच्या मालकाचे खरे नुकसान भाग महाग असल्यामुळे होते त्यापेक्षा चुकीचा भाग बदलल्यामुळे अधिक होते. या गॅरेजचे मोल मला वाटते ते याच कारणासाठी: येथे बिघाडाचे कारण हाती लागल्याशिवाय नव्या भागाची मागणी नोंदवली जात नाही.

गॅरेज म्हणजे एक लांबट पत्र्याची शेड आहे. आत दोन रॅम्प आहेत, भिंतीला आकारमानाप्रमाणे लावलेले पाने आहेत, आणि कोपऱ्यातल्या टेबलावर स्कॅनरसाठी लॅपटॉप आहे. साधा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातले बिघाडाचे कोड वाचणारे यंत्र) डिस्कव्हरीच्या इंजिनाचे काही कोड वाचतो, पण हवेचे सस्पेन्शन, इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेक आणि ट्रान्स्फर केस (इंजिनाची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा भाग) यांच्याशी बोलायला या कंपनीच्या गाड्यांसाठीच बनवलेली यंत्रणा लागते, आणि ती त्यांच्याकडे आहे. आजूबाजूला मशीन शॉप असल्याने लेथवरचे काम, प्रेसवर बुश (सांध्यातली रबर-धातूची नळी) काढणे-बसवणे, अडकलेला बोल्ट कापणे यासाठी चार पावले चालावे लागते. मालकांना सगळे अण्णा म्हणतात. त्यांनी उमेदीची वर्षे पुण्यात परदेशी गाड्यांवर काम करण्यात घालवली आणि नंतर गावी परतून हे गॅरेज उभे केले.

माझी गाडी त्यांच्याकडे प्रथम गेली ती सस्पेन्शनच्या तक्रारीवरून. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागत असे, गाडी फक्त नेहमीच्या उंचीवरच राहील असा संदेश येत असे आणि सकाळी पाहावे तर गाडी चारही बाजूंनी खाली बसलेली असे. त्याआधी एका मोठ्या शहरातील वर्कशॉपने कॉम्प्रेसर निकामी झाल्याचे सांगून नवा बसवून दिला होता आणि तोही वर्षभरात थकला होता. आता दुसऱ्यांदा कॉम्प्रेसर घ्यावा लागणार, या तयारीने मी गेलो होतो. अण्णांनी स्कॅनर लावला, कोड वाचले आणि म्हणाले, “साहेब, कॉम्प्रेसर मेलाय हे खरं, पण त्याला मारलं कुणी ते आधी बघूया.”

या गाडीला लोखंडी स्प्रिंग नाहीत. चारही चाकांवर रबराच्या फुग्यांमध्ये कोंडलेली हवा अडीच टनांहून अधिक वजन तोलून धरते. पोटाखालचा कॉम्प्रेसर ही हवा भरतो, ती आर्द्रता शोषणाऱ्या ड्रायरमधून जाते, मग एका टाकीत साठते आणि व्हॉल्व्ह ब्लॉकमधून ज्या चाकाला हवी त्या चाकाकडे वळवली जाते. फुग्याला बारीकशी चीर पडली तर गेलेली हवा भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर पुन्हा पुन्हा चालू होतो, तापतो, त्याच्या पिस्टनचे सील झिजते, आणि ड्रायर दमट हवेने भरून गेल्यावर ते पाणी पुढे व्हॉल्व्ह ब्लॉकपर्यंत पोहोचते. गळती तशीच ठेवून नवा कॉम्प्रेसर बसवला तर तोही त्याच वाटेने जातो. माझ्या बाबतीत नेमके हेच झाले होते.

गळती कोणत्या चाकाला आहे हे ओळखण्यातच खरी मेख आहे. गाडी उभी असतानाही तिचा कंट्रोलर ठरावीक तासांनी जागा होतो, चारही कोपऱ्यांची उंची तपासतो आणि जो कोपरा सर्वांत खाली असेल त्याच्या पातळीला बाकीचे तीन उतरवतो. त्यामुळे एकाच फुग्यातून हवा जात असली तरी सकाळी सगळी गाडी सारखी बसलेली दिसते आणि पाहणाऱ्याला वाटते की दोष कॉम्प्रेसरमध्ये किंवा सगळ्याच फुग्यांत आहे. अण्णांनी संध्याकाळी चारही चाकांच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजले, खडूने चाकांच्या रबरावर लिहून ठेवले, आणि सस्पेन्शनचा फ्यूज काढून गाडी रात्रभर शेडमध्ये उभी केली. फ्यूज काढल्याने कंट्रोलर झोपूनच राहतो आणि ज्या कोपऱ्याची हवा जाते तोच कोपरा उतरतो. सकाळी पुढचा उजवा कोपरा ठळकपणे खाली आला होता आणि उरलेले तीन जागच्या जागी होते. मग फ्यूज बसवून, जेमतेम चालणाऱ्या कॉम्प्रेसरला विश्रांती देत देत गाडी उंच करून घेतली आणि त्या फुग्यावर साबणाचे पाणी सोडले. रबर जिथे खाली दुमडतो त्या घडीत, गाडी नेहमीच्या उंचीवर असताना कधीच दिसणार नाही अशा जागी, बारीक बुडबुड्यांची रांग उठली. घडीत सुकलेली काळी माती साचून कडक झाली होती आणि गाडी हलेल तशी तीच रबराला कातरत होती.

हा गाडीच्या घडणीतला दोष मी मानत नाही. रबराला वय असते, आणि उसाच्या हंगामात चिखलाने भरलेल्या रस्त्यांवरून चालणाऱ्या गाडीच्या फुग्यांना ते लवकर येते. गाडी उंच करून त्या घड्या साध्या पाण्याच्या धारेने धुवाव्यात, एवढी गोष्ट अण्णांनी मला दाखवून दिली. गाडी धुणाऱ्या कोणत्याही केंद्रात ती आपण सांगितल्याशिवाय होत नाही.

पुढचे काम त्यांनी ज्या क्रमाने केले तोही नोंदवण्यासारखा आहे. पुढचे दोन्ही फुगे जोडीने बदलले, कारण दुसराही तेवढ्याच वयाचा होता. नव्या फुग्यात हवा भरून घेतल्यानंतरच गाडीचे वजन त्यावर येऊ दिले. रिकाम्या फुग्यावर वजन पडले तर रबर वेडावाकडा दुमडतो आणि नवा भाग पहिल्याच दिवशी बिघडतो. कॉम्प्रेसरबरोबर त्याचा रिलेही (त्याची वीज चालू-बंद करणारा स्विच) नवा घातला, कारण सतत चालून तापलेला रिले चिकटून राहण्याची शक्यता असते आणि मग नवा कॉम्प्रेसर थांबतच नाही. आधीचा कॉम्प्रेसर हिताचीचा होता. आता एएमके कंपनीचा मिळतो, आणि तो बसवताना गाडीच्या सॉफ्टवेअरमध्ये तशी नोंद करावी लागते. ती न करताच कॉम्प्रेसर बसवून देणारेही आहेत. शेवटी चारही कोपऱ्यांची उंची स्कॅनरवरून नव्याने ठरवून दिली. तेव्हापासून गाडी आठवडाभर उभी राहिली तरी खाली बसलेली नाही.

समोरच्या खालच्या आर्म्सचे, म्हणजे चाकांना चेसिसशी जोडणाऱ्या दांड्यांचे, काम हा दुसरा मोठा विषय. खड्ड्यात टकटक आवाज येणे आणि ब्रेक लावताना स्टीअरिंग एका बाजूला ओढणे ही बुश गेल्याची लक्षणे. आम्ही लेमफोर्डरचे आर्म मागवले. लेमफोर्डर हा गिअरबॉक्स बनवणाऱ्या झेडएफ कंपनीचाच ब्रँड आहे आणि त्याची किंमत लँड रोव्हरच्या खोक्यातल्या भागापेक्षा बरीच कमी पडते. या गाडीत ज्या बोल्टांनी चाकांची अलाइनमेंट साधली जाते तेच बोल्ट बुशच्या नळीत गंजून अडकतात, आणि हातोड्याने झोडपले तर चेसिसवरचे कान वाकतात. येथे ते शांतपणे कापून काढले, नवे घातले आणि त्यांना न चिकटण्याचे ग्रीस लावले. पण मला अधिक महत्त्वाची वाटली ती शेवटची पायरी. रॅम्पवर चाके लोंबकळत असताना बुशचे बोल्ट पक्के आवळले तर गाडी खाली आल्यावर बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतो आणि काही महिन्यांत फाटतो. म्हणून बोल्ट हाताने लावून, गाडी नेहमीच्या उंचीवर आणून, मगच टॉर्क पान्याने आवळले. हे काम करायला माणसाला गाडीखाली अवघडून झोपावे लागते आणि वेळ दुप्पट लागतो. ग्राहकाला ते दिसत नाही, बिलातही त्याची वेगळी ओळ नसते, तरी त्यांनी ते केले. अलाइनमेंटसाठी गाडी सांगली-मिरज रस्त्यावरच्या टायरवाल्यांकडे पाठवतात, पण सोबत आपला माणूस आणि स्कॅनरही पाठवतात, कारण मोजमाप चालू असताना सस्पेन्शन एका नेमक्या उंचीवर बांधून ठेवावे लागते.

माझ्या गाडीचा गिअरबॉक्स झेडएफचा सहा गतींचा आहे. यातले ऑइल गाडीच्या आयुष्यभर पुरते, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात झेडएफ कंपनी स्वतः ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरच्या दरम्यान ते बदलायला सांगते. ऑइलचा फिल्टर गिअरबॉक्सखालच्या प्लास्टिकच्या चेंबरमध्येच (ऑइलच्या भांड्यातच) बंदिस्त असल्याने चेंबर अख्खा बदलावा लागतो. पातळी पाहायला डिपस्टिक नाही. इंजिन चालू ठेवून, ऑइलचे तापमान स्कॅनरवर वाचत, ते ठरलेल्या मर्यादेत असतानाच बाजूच्या बुचातून ऑइलची बारीक धार येते का हे पाहायचे असते. हे काम येथे व्यवस्थित झाले आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमधला धक्का गेला. यापलीकडे सांगण्यासारखे काही घडले नाही.

इंजिनाच्या ऑइलबाबत मात्र अण्णा कमालीचे काटेकोर आहेत. या तीन लिटरच्या व्ही-सिक्स डिझेल इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, बेअरिंगविषयी जगभरातल्या मालकांना धास्ती असते आणि ती निराधार नाही. ऑइल बदलण्याचे अंतर पुस्तकात कितीही असो, त्याच्या साधारण निम्म्यावर ते बदलावे, असे त्यांचे ठाम मत आहे. जुना फिल्टर ते फेकून देत नाहीत. कागदी फिल्टरच्या घड्या कात्रीने कापून, पांढऱ्या ट्रेमध्ये पसरून, टॉर्चच्या उजेडात त्यात धातूची चमक दिसते का हे मालकासमोर पाहतात. बेअरिंग झिजू लागले तर पहिली खूण येथेच सापडते, आणि गाडी रस्त्यात बंद पडण्यापूर्वी काही करता येण्याची तेवढीच संधी असते. एवढ्या साध्या तपासणीसाठी एकही यंत्र लागत नाही, तरी ती इतरत्र कोणी करताना मी पाहिलेली नाही.

इंजिनाच्या झडपांची वेळ साधणाऱ्या टायमिंग बेल्टचेही तसेच. या इंजिनाला समोर एक बेल्ट आहे आणि मागच्या बाजूला, आडोशाला, उच्च दाबाचा डिझेल पंप फिरवणारा दुसरा आहे. पुष्कळदा पुढचा बदलला जातो आणि मागचा विसरला जातो, कारण तो दिसत नाही आणि तिथे हात पोहोचत नाही. जुनी गाडी घेताना बेल्ट बदलल्याचे बिल दाखवले गेले तर त्यावर दोन्ही बेल्टांची नोंद आहे का, हे जरूर पाहावे. किलोमीटर थोडे झाले असले तरी वर्षे मोजावीत.

आता उणिवा. गॅरेज संथ आहे. अण्णा स्वतः प्रत्येक गाडीला हात लावतात, त्यामुळे ते परगावी गेले की काम थांबते. भाग मुंबईहून किंवा परदेशातून यायचा असेल तर गाडी आठवडेच्या आठवडे शेडमध्ये पडून राहते, आणि त्या काळात वापरायला दुसरी गाडी मिळत नाही. दिवसा फोन उचलला जात नाही. संध्याकाळी कामाचे फोटो व्हॉट्सॲपवर येतात आणि त्यावरच समाधान मानावे लागते. बसायला दोन प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. ज्यांना रोज गाडी लागते आणि घरी दुसरी नाही, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

एका मर्यादेचा उल्लेख मात्र मी उणीव म्हणून करणार नाही. डिस्कव्हरीच्या टर्बोसारख्या काही मोठ्या कामांसाठी सगळी बॉडी चेसिसवरून उचलण्याची पद्धत आहे, आणि तशी कामे, तसेच क्रँकशाफ्टचे काम, अण्णा घेत नाहीत. त्यासाठी लागणारी जागा आणि लिफ्ट आपल्याकडे नाही, असे ते स्पष्ट सांगतात आणि गाडी पुण्याला न्यायचा सल्ला देतात. पुणे येथून सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास आहे, टो करून नेण्याचा खर्च जड पडतो, आणि तरीही येणारे काम नाकारणे ही माझ्या दृष्टीने या गॅरेजची मोठी पत आहे. पार्किंग ब्रेकचे काम ते आवर्जून करतात. मागच्या डिस्कच्या आत ड्रमसारखे शू असतात, त्यांत पाणी-चिखल जाऊन समायोजन बिघडते आणि मोटर करकरू लागते. वेळीच साफ करून शू नीट बसवले तर महागडी मोटर वाचते.

बिल स्वच्छ असते. मजुरी वेगळी, भाग वेगळे, प्रत्येक भागाचे खोके आणि काढलेला जुना भाग डिकीत ठेवलेला. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा आधी दिलेल्या एस्टिमेटमधली रक्कम त्यांनी न सांगता कमी करून दिली. मजुरी इथल्या साध्या गॅरेजपेक्षा जास्त आहे आणि ती जास्तच असायला हवी. एक चुकीचा कॉम्प्रेसर टळला की पुढच्या कित्येक वेळांची मजुरी वसूल होते.

जुनी गाडी घेण्यापूर्वी तपासून देण्याचे कामही ते करतात आणि सांगलीकरांनी त्याचा उपयोग अवश्य करावा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या कृष्णेच्या पुरांत किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्यांतल्या कितीतरी धुऊन-पुसून पुन्हा विकल्या गेल्या. इलेक्ट्रॉनिक्सने भरलेल्या अशा गाडीत पाणी शिरले असेल तर वायरिंगच्या जोडांवर गंज वर्षानुवर्षे पसरत राहतो आणि रोज नवा दिवा लागतो. अण्णा सीट सोडवून गालिचा उचलतात, सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते पाहतात, आणि सुट्या चाकाच्या वरच्या भागातली माती बोटाने चोळून बघतात. माझ्या परिचयातल्या एका बागायतदारांचा सौदा या तपासणीनंतर मोडला आणि त्यांचे मोठे नुकसान टळले.

माझ्या गाडीची नोंदणी २०११ ची असल्याने पंधरा वर्षांची मुदत २०२६ मध्ये संपते. नूतनीकरणासाठी फिटनेस तपासणी आणि महाराष्ट्राचा पर्यावरण कर, दोन्ही आहेत, आणि पुढचे नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते. आरटीओकडे जाण्याआधी ब्रेक, धूर, दिवे आणि खालचे सांधे यांची तपासणी करून देण्याचे अण्णांनी मान्य केले आहे. पावसाळ्यापूर्वीची कामे, म्हणजे सनरूफच्या चारही कोपऱ्यांतल्या पाणी वाहून जाण्याच्या नळ्या साफ करणे, बॅटरीचा व्होल्टेज तपासणे (तो उतरला की सस्पेन्शनचे खोटे इशारे सुरू होतात) आणि फुग्यांच्या घड्या धुणे, ही ज्यांना करून घ्यायची असतील त्यांनी एप्रिलमध्येच गाडी लावावी; मे महिन्यात दोन्ही रॅम्प भरलेले असतात.